कडा झाडायचा दिवस

आमच्या घरात देव एका कोपऱ्यात होते आणि दोर चारही कोपऱ्यांत. आढ्याला, खुंटीला, कणगीवर, चुलीवरच्या माळ्यावर, जिथं हात घालावा तिथं दोराचं वेटोळं लागायचं. पाहुणा आला की आधी दोर बाजूला सारून त्याला बसायला जागा करावी लागे. पाहुणा नवखा असला तर विचारायचा, एवढी गुरं बांधता तरी कुठं? गुरं आमची दोनच होती. दोर होते कड्यासाठी, आणि ते सगळे माझ्या बानं वळलेले होते. केवणीच्या फांद्या तोडायच्या, ओढ्यात कुजत घालायच्या, आठ-दहा दिवसांनी साल सोलून आपटायची, धुवायची, आणि मग बा ओसरीवर बसून उघड्या मांडीवर वाख वळत राहायचा. हातावर थुंकायचा आणि सर्रकन तळवा फिरवायचा, पुन्हा थुंकायचा, पुन्हा सर्र. लहानपणीचा दुसरा कुठलाही आवाज मला इतका लख्ख आठवत नाही. कुजलेल्या सालीचा वास तर घरात असा मुरला होता की नाचणीच्या भाकरीलाही तो यायचा, आंबिलीलाही यायचा, वैशाखात भाजलेल्या मोहाच्या फुलांनाही यायचा. आई असताना यावरून बाशी भांडायची. ती गेल्यावर भांडायला कुणी उरलं नाही, वास मात्र राहिला.

आमचा पाडा दाभोशाच्या अलीकडे, माळावर, आणि पाणी कड्याखाली. जव्हारला तेव्हा राजा होता, त्याच्या वाड्याच्या गोष्टी आम्ही ऐकायचो, पण आमच्या बायकांचं राज्य म्हणजे कड्याच्या पायथ्याचा तो एक झरा. फाल्गुन सरला की माळावरचं पाणी आटायचं आणि पाऊस लागेपर्यंत सगळा पाडा त्या झऱ्यावर यायचा. घळीतून उतरायचं, करवंटीनं पाणी घेत हंडा भरायचा, तोवर कड्याला पाठ लावून बसायचं. गप्पा व्हायच्या, भांडणं व्हायची, लग्नंही तिथंच जुळायची. आई तिथंच गेली. नारळाएवढा दगड होता. ती वाकून करवंटी भरत होती, वर पाहायलाही तिला वेळ मिळाला नाही. मी दहा वर्षांची असेन आणि माझी थोरली बहीण सोनी तेरा-चौदाची. पाड्यातले म्हणाले, कड्यावरची बया कोपली. बानं बयेला कोंबडं दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दोर घेऊन वर गेला, तो दगड कुठून सुटला ते पाहायला.

तेव्हापासून दरवर्षी पाऊस लागण्याआधी कडा झाडायचं काम आमच्या घराकडे आलं. माणूस दोरावरून खाली सोडायचा, त्यानं पहारीनं सुटे दगड उपटून पाडायचे, म्हणजे ते आपल्या मनानं बायकांच्या डोक्यावर पडायचे नाहीत. बाला अक्षर येत नव्हतं, पण कडा वाचता यायचा. मला घळीच्या तोंडाशी बसवून तो समोरची भिंत दाखवायचा. काळा, शेवाळ वाळून चिकटलेला दगड म्हणजे जुना बसलेला. जिथं तांबूस, उघडा डाग दिसेल तिथून हल्लीच काहीतरी निखळलंय, आणि त्याचा शेजारीही निघायच्या बेतात आहे. गोट्यानं ठोकावं, ठण्ण वाजला तर घट्ट, भद्द वाजला तर मागं पोकळ. "दगूड कोन ढकलत नाय," तो म्हणायचा. "पानी भेगंत शिरतं, आतली माती धुवून नेतं, मंग दगूड नुसता ठेवल्यावानी ऱ्हातो. पिंपळाची मुळी त्यात पाचर मारते. दिवसा उन्हानं फुगतो, पहाटं आकसतो, रोज जरासा हलतो. आन वरून माकडं पळाली का झालं."

"मग बयेला कोंबडं कशाला दिलं?" मी विचारलं होतं.

"तिला कळाया पायजे ना, का आता आपुन झाडतो." इतकं सरळ उत्तर मला पुढं शिकलेल्या माणसांकडूनही फारसं मिळालं नाही.

या कामाचे दोन कायदे होते, आणि ते मोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पहिला, दोर उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावाच्या हाती असायचा. सख्ख्या भावाच्या हाती नाही, कारण शेताच्या तुकड्यावरून भावाचं मन कधी फिरेल सांगता येत नाही. बायकोचा भाऊ मात्र आपल्या बहिणीला रांडाव करणार नाही. कुठला दोर घ्यायचा तेही त्यानंच ठरवायचं आणि गाठही त्यानंच मारायची. दुसरा कायदा असा, की उतरणाऱ्यानं त्या गाठीला हात लावून पाहायचा नाही. पाहिला तर तो बायकोच्या सबंध माहेराचा अपमान. बा उतरायचा तेव्हा माझा मामा दोर धरायचा. मामा तापानं गेला, त्याच्या पुढच्या वर्षी एका दगडानं बाचा गुडघा चेचला, आणि मग हे काम सोनीचा नवरा देवजी याच्याकडे आलं. तो आमच्याकडे घरजावई होता. सोनीला भाऊ नव्हता. तिला मी होते. तेव्हा पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी दोन दिवस विड्या ओढत विचार केला आणि सांगितलं, बहीण ती बहीण, लखमीच्या हाती द्या दोर. मी सोळा वर्षांची होते. चार वर्षांच्या पोरासारखी मिरवले मी तेव्हा.

देवजी भावजी हसरा माणूस. जव्हारच्या बाजारात एका व्यापाऱ्याची बैलगाडी हाकायचा, आठवड्यानं घरी यायचा, आणि येताना हातात काहीतरी असायचंच. कधी सुकट, कधी गूळ, कधी सोनीला बांगड्या. त्या वैशाखात त्यानं काथ्याचा दोर आणला. नवाकोरा, पिवळाधमक, हलका. आमच्या काळपट केवणीच्या दोरांपुढं तो नवरदेव वाटत होता. पाड्यातली माणसं येऊन हात लावून गेली. बानंही लावला. दोन्ही हातांत धरून ताणला, सोडला, पुन्हा ताणला. "काथ्या कुजत नाय," तो म्हणाला, "पन वढ घेतो. लांबतो आन आकसतो. गुरांना बरा." भावजी नुसता हसला, कारण दोराबद्दल बोलायचा हक्क त्याचा नव्हता. माझा होता.

केवणीच्या दोराची एक खोड आहे. ओला असला तर दोन माणसं तोलतो, सुकलेला असला तर वाकेल तिथं काडीसारखा मोडतो. म्हणून कडा झाडायच्या आदल्या दिवशी तो हंड्यात भिजत घालायचा. त्या साली वळीव लवकर पडला. वळवानंतर आठ दिवस कड्याला हात लावायचा नाही असा बाचा नेम, कारण पाणी आत भेगांत असतं. पण माळावर त्या पावसाचं पाणी राहिलं ते कातळातल्या खळग्यांत, गुरांपुरतं. कड्याखाली बसणं धोक्याचं म्हणून बायका तीन दिवस लांब नदीवर गेल्या, चौथ्या दिवशी कंटाळून झऱ्यावर बसल्या, आणि एकीचा हंडा दगडानं फुटला. हंडाच फुटला म्हणून हसत होत्या त्या. बाला हसू आलं नाही. आता थांबलं तर खाली बायका बसणार, आणि उतरलं तर ओल्या कड्यावर माणूस सोडायचा. त्यानं ठरवलं, उद्या झाडायचा. मला म्हणाला, "केवण भिजत घाल." मी हो म्हटलं. त्या दिवशीही मी नदीवरूनच दोन खेपा केल्या होत्या, मान मोडून आली होती. भाकरी खाल्ली आणि ओसरीवर आडवी झाले ती सकाळीच उठले. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. सोनीला हे कधी सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. अक्षर मी मोखाड्याला आल्यावर नातवाच्या पाटीवर शिकले, आणि कधीकधी वाटतं, हे एवढं एक लिहिण्यासाठीच शिकले असेन.

सकाळी सगळे निघायच्या तयारीत. सोनी पाच महिन्यांची पोटुशी, तरीही ती वर यायला निघाली. बानं विचारलं, "केवण भिजली?" आणि मी खुंटीवरचा काथ्या उतरवून खांद्यावर टाकला. "हा घेते," मी म्हटलं. "नवा हाय. केवण जुनी झाली." भावजीचा चेहरा खुलला. त्याचा दोर निवडला म्हणून सोनीही खूश झाली. बा माझ्याकडे पाहत राहिला, पण दोर निवडायचा हक्क माझा, त्यामुळं त्यालाही तोंड उघडता येईना. कायद्याचा असा उपयोग करता येतो, हे मला त्या सकाळी कळलं आणि बरंही वाटलं.

माथ्यावर ऐनाचं झाड आहे, त्याला वेढा देऊन दोर सोडायचा. कडेवर दोर दगडाला घासू नये म्हणून खाली बोकडाचं कातडं घालायचं. मी सगळं नीट केलं. भावजीच्या कमरेला आणि मांड्यांना गाठ मारली, त्यानं दोन्ही हात वर धरून ठेवले, गाठीकडे पाहायचं नाही म्हणून सोनीकडे पाहत हसत राहिला. कडा मावळतीला तोंड करून आहे, त्यामुळं सकाळी सावली असते आणि दगड थंड असतात. ऊन भिंतीवर यायच्या आत वर यायचं. तो उतरला, त्याच्या पहारीचा आवाज यायला लागला, आणि दगड खाली जाऊन फुटायला लागले. बायका लांब घळीशी उभ्या होत्या. सगळं नेहमीसारखं होतं. नेहमीसारखं नव्हतं ते माझ्या हातात होतं. त्यानं पहार मारली की दोर लांबायचा आणि परत आखडायचा, आणि प्रत्येक झटक्याला कडेवरून करवतीसारखा पुढंमागं व्हायचा. कातडं हळूहळू सरकत गेलं. ते मला दिसलं. एका हातानं ओढून ते जागेवर घ्यायला मी वाकले, तेवढ्यात दोरानं कडेवरच्या पिंपळाच्या मुळीशेजारचा दगड उचकटला. वळवाचं पाणी पिऊन तो नुसता ठेवल्यावानीच होता. तो गेला आणि त्याच्यामागं अर्धी पाटी भरेल एवढी दगडमाती गेली.

भावजी ओरडला नाही. दोराला एक मोठा हिसका बसला आणि मग तो हलका झाला, इतका हलका की मी मागं पडले. सोनीला वाटलं, गेला. मलाही तेच वाटलं. बा खुरडत कडेपर्यंत गेला, पालथा पडून त्यानं खाली पाहिलं. कड्यातून पुढं आलेल्या मधल्या फळीवर, जिथं बोकड उभा राहील एवढीच जागा आहे, तिथं तो अडकून बसला होता. उजवा हात लोंबत होता. डाव्या हातानं त्यानं मुंडासं सोडून स्वतःला पिंपळाच्या मुळीला बांधून घेतलं होतं. काथ्याच्या तीन पेडांपैकी दोन कडेवर तुटले होते. बानं हाक मारली, "देवजी!" खालून आलं, "हो!" तेवढाच आवाज. पण आला.

मी घरी धावले. अर्ध्या कोसाची वाट, मला ती वाट आठवतच नाही. केवणीचा दोर खुंटीवरून ओढला आणि परत धावले. पाड्यातली सात-आठ माणसं तोवर जमली होती. बानं दोर हातात घेतला, बोटांनी दाबला, एक टोक वाकवून पाहिलं. करकर वाजलं. त्याला कळलं. आदल्या दिवशीचं सगळं त्याला त्या एका आवाजात कळलं, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "पान्यात घाल."

कातळातल्या खळग्यात वळवाचं पाणी होतं. त्यात मी दोर टाकला आणि पायांनी तुडवायला लागले. बानं आपली काठी मातीत रोवली. "सावली पायाशी येस्तवर," तो म्हणाला. "त्याच्या आधी नाय." सावली पायाशी येणार म्हणजे दुपार होणार, म्हणजे ऊन भिंतीवर येणार आणि दगड फुगायला लागणार. सोनीला हे माझ्याइतकंच माहीत होतं. मग खाली कुठूनतरी दगड सुटल्याचा आवाज आला, आणि ती खळग्यापाशी येऊन माझे पाय धरून बसली. "लखमे, सोड ना गं. काढ तो दोर. थोडा भिजला, तेवढा पुरं."

"नाय भिजला, बाय."

"सोड मी सांगते. तो बोलत नाय आता. बा, हिला सांगा ना."

बानं हाक मारली. खालून उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं आलं, पण ते "हो" नव्हतं, नुसता कण्हल्याचा आवाज होता. सोनी माझ्या पायांवर डोकं आपटायला लागली आणि मी तिच्या डोक्याला न लागेल अशा बेतानं तुडवत राहिले. मला तिच्यापेक्षा जास्त घाई होती. सकाळी मी आळस झाकायला घाई केली होती, आता घाई केली तर तो मरेल आणि न केली तरी मरेल, एवढंच डोक्यात होतं, आणि पाय आपले चालत होते. काठीची सावली हलत नव्हती. मी आयुष्यात पुढं पुष्कळ वाट पाहिली, बाळंतपणात पाहिली, आजारी लेकराशी बसून पाहिली. तशी वाट पुन्हा कधी पाहावी लागली नाही.

सावली पायाशी आली. कुणी उतरायचं ते ठरवायला वेळ लागला नाही, फळीवर जड माणूस चालणार नव्हता आणि दोराचाही भरवसा नव्हता. सगळ्यांत हलकी मी. बा गाठ मारायला पुढं झाला तेव्हा सोनीनं त्याच्या हातातून दोर हिसकून घेतला. "मी बांधते." तिनं जन्मात कधी ही गाठ मारली नव्हती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तिला दोर दिसत तरी होता की नाही कोण जाणे. मी दोन्ही हात वर धरले आणि समोर, पार लांबच्या डोंगराकडे पाहत राहिले. गाठीकडे पाहिलं नाही. पाहण्याचा हक्क मला उरलाच नव्हता.

उतरताना दगड अंगावर येत होते, सुपारीएवढे, लिंबाएवढे. फळीवर पाय टेकला तेव्हा भावजीचे डोळे उघडे होते. तोंड धुळीनं पांढरं झालं होतं आणि रक्त वाळून काळं पडलं होतं. "पोरी, तू कशाला आलीस," तो म्हणाला, इतक्या बारीक आवाजात की मला रडूच आलं. मी माझ्या कमरेचा दोर सोडला, एका हातानं मुळी धरली आणि दुसऱ्या हातानं दोर त्याच्या काखेतून, मांड्यांखालून घेतला. गाठ मारली. बानं शिकवली तशी, मनापासून, दात लावून ओढून. मुळीवरचं त्याचं मुंडासं सोडवलं आणि वर हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा डावा हात हलला. आधी मला वाटलं, त्याला काही दाखवायचंय. त्याची बोटं गाठीवर आली. त्यानं गाठ चाचपली, पीळ कुठून कुठं गेलाय ते बोटांनी पाहिलं, मग एकदा ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"चालंल," तो म्हणाला. "वढा म्हन."

मी वर ओरडले, ओढा. तो वर गेला. दोर परत येईपर्यंत मी त्या फळीवर एकटी होते, भिंतीवर ऊन आलं होतं, आणि वरून काही पडलं की मी अंग चोरत नव्हते. लागला तर लागू दे, असंच वाटत होतं. एकही लागला नाही.

भावजी वाचला. हात मात्र कामातून गेला, जव्हारचं गाडी हाकणं सुटलं. तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, हसायचा, आणि त्या दिवसाचा विषय घरात कुणी काढला नाही. बानंही नाही, मरेपर्यंत नाही. भाद्रपदात सोनीला मुलगी झाली. आमच्यात लेकराची झोळी आईच्या भावंडानं बांधायची असते, आढ्याला, स्वतःच्या हातानं. मी त्यासाठी श्रावणभर केवण वळत होते. बारीक, मऊ दोर वळला, दोन दिवस भिजवला, आणि बाराव्या दिवशी तो घेऊन आढ्याखाली उभी राहिले. सोनी बाळंतिणीच्या खाटेवरून उठली, माझ्यापाशी आली. तिनं दोर माझ्या हातातून घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, भिजला आहे ना ते पाहिलं. मग तो बाच्या हातात दिला.

बा चेचलेला गुडघा ओढत पाटावर चढला. त्यानं गाठ मारली. पोरीला झोळीत घातलं, सगळ्यांनी गूळ खाल्ला, मलाही दिला, आणि मीही खाल्ला. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी हंडा उचलून पाण्यावर गेले. पावसानं झरा मोकळा वाहत होता, हंडा एका दमात भरला. तरी मी कड्याला पाठ लावून तिथंच बसून राहिले, हंडा वरून वाहत राहिला. संध्याकाळी सोनी मला शोधत घळीच्या तोंडाशी आली आणि तिथूनच ओरडली, "लखमे, कड्याखालून ऊठ."